वेबसाइट दुकानाची, पण चावी कोणाकडे?

मार्च २०२४ मध्ये गूगलने एक फुकट सेवा बंद केली. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या व्यावसायिकांना एक साधी वेबसाइट बनवता यायची. त्या सगळ्या वेबसाइट्स बंद झाल्या. जुना पत्ता टाकणाऱ्या ग्राहकाला काही काळ त्या व्यवसायाच्या गूगल प्रोफाइलकडे वळवलं जायचं. १० जून २०२४ नंतर तेही थांबलं. ज्यांनी हा पत्ता पाटीवर, कार्डावर किंवा बिलावर छापला होता, त्यांच्यासाठी तो निरुपयोगी झाला.

असं का होतं? कारण त्या पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे मूळ डोमेन, गूगलचं होतं.

साधनं कोणती?

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला, तयार सेवा. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांत कोडिंग येण्याची गरज नसते. शुल्क भरलं की सर्व्हर आणि अपडेट कंपनी सांभाळते. पण हा भाड्याचा गाळा आहे. विक्सवर बनवलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही.

दुसरा, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. यातलं सर्वात मोठं नाव वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये ते आणलं, तेव्हा ते फक्त ब्लॉगसाठी होतं. जीपीएल परवान्यामुळे ते कोणीही वापरू, बदलू आणि वाटू शकतं. होस्टिंग आवडलं नाही, तर फाइल्स आणि डेटाबेस घेऊन दुसरीकडे जाता येतं. मात्र अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी मालकाची. अपडेट न केलेले प्लगइन हे अशा साइट्स हॅक होण्याचं एक नेहमीचं कारण असतं.

वर्डप्रेस डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग एकच का?

नाही. डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते स्वतःच्या होस्टिंगवर बसवायचं. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची तयार सेवा आहे.

डेव्हलपरला काय विचारायचं?

• डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर नोंदवलं आहे?
• डोमेन आणि होस्टिंगचे लॉगिन मालकाकडे आहेत का?
• बॅकअप किती दिवसांनी होतो आणि कुठे ठेवला जातो?

यात पहिला प्रश्न सर्वात महत्त्वाचा. डोमेन स्वतःच्या नावावर असेल आणि त्याचं नूतनीकरण वेळेवर होत असेल, तर उद्या साधन बदललं, डेव्हलपर बदलला, एखादी सेवा बंद पडली, तरी तोच पत्ता नव्या साइटकडे वळवता येतो. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर कितीही सुंदर डिझाइन केलं तरी दुकानाची पाटी त्याच्याच हातात राहते.