‘मस्ट’ची सक्ती कुणावर?

इंग्रजीत एक चिमुकला शब्द आहे, ‘मस्ट’. अक्षरं चारच, पण रुबाब हेडमास्तरांचा! त्याचा अर्थ आपण ‘पाहिजे’ एवढाच पाठ करतो आणि मोकळे होतो. पण तेवढ्यानं भागत नाही, बरं का!

चला, बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला जाऊ. या भागातली पुष्कळ कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. समजा, तुमच्याच वयाची एक मुलगी दारात उभी आहे. ट्रॅक्टरमध्ये सामान चढतंय.

आई म्हणते, “मुकादमाची उचल घेतलीय, जावंच लागतंय.” उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. आईचं हे वाक्य इंग्रजीत होईल ‘वुई हॅव टू गो’. परिस्थितीच ढकलते आहे, म्हणून इथे ‘हॅव टू’ शोभतं.

तेवढ्यात शाळेच्या बाई येतात. म्हणतात, “तू शाळेत आलंच पाहिजेस!” ‘यू मस्ट कम टू स्कूल.’ हा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह. (रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, पण हा धागा लक्षात ठेवा.)

आता खरी गंमत ‘नॉट’ जोडल्यावर. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जायचं नाही, मनाई! आणि ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे जायलाच पाहिजे असं नाही. परीक्षेत इथेच घोटाळा होतो. आई-वडील गेल्यावर मुलांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना चालते. बाई मुलीला तेच सांगतात, “तुला जावं लागणार नाही. जेवणाची सोय आहे.” ही मनाई नाही, सुटका आहे! मुलगी आजीजवळ राहते.

रात्री आजी म्हणते, “तुझी आई आता पोचली असणार.” ‘शी मस्ट हॅव रीच्ड.’ पुन्हा ‘मस्ट’ आला! पण इथे सक्ती कुठाय? आजीनं पाहिलेलं नाही. वेळेचा हिशेब करून बांधलेला हा पक्का अंदाज.

सकाळी शेजारच्या काकू म्हणतात, “आज आमच्याकडे जेवायला यायलाच हवं हं!” ‘यू मस्ट कम.’ शब्द बाईंचेच, पण हे प्रेमाचं आमंत्रण. नाही गेलात तर शिक्षा नाही, फार तर काकू रुसतील!

आणखी एक खोड. ‘काल जावं लागलं’ म्हणताना ‘मस्ट’ चालत नाही, ‘हॅड टू’ लागतं. कारण जुन्या इंग्रजीत ‘मस्ट’ हेच एका क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं, आणि त्या क्रियापदाचा अर्थ होता परवानगी असणं! परवानगीची झाली सक्ती.

हसू नका, आपला ‘पाहिजे’ही काही कमी नाही. ‘मला पाणी पाहिजे’ ही इच्छा, ‘मला गेलं पाहिजे’ ही गरज.

म्हणून ‘मस्ट’ दिसला की विचारा : कोण म्हणतंय? कुणाला? आपल्या देशात 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. ही सक्ती कुणावर? मुलावर नव्हे! शिक्षणाची सोय करण्याचं बंधन सरकारवर आहे आणि मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांचं. मुलाच्या वाट्याला येतो तो हक्क.

आता तुमची पाळी. यातला ‘मस्ट’ कोणता, ते आई-बाबांना सांगा :
1. यू मस्ट बी हंग्री.
2. यू मस्ट नॉट टच द वायर.
3. यू मस्ट टेस्ट माय आजीज् पुरणपोळी!

(उत्तरे : 1. अंदाज, 2. मनाई, 3. आग्रह)