जुनं रशियन घड्याळ घेताना

• पहिला मोठा कारखाना: मॉस्को, 1930. यंत्रसामग्री अमेरिकेतल्या दिवाळखोर ड्यूबर-हॅम्पडन कंपनीची.

• ओळखीची नावं: पोबेदा, राकेता, वोस्तोक, पोल्योत. चावीचं पोबेदा 1946 पासून. 15 ज्वेल, तासाला 18,000 ठोके.

• तबकडी: नवीकोरी दिसली, तर बहुधा पुन्हा रंगवलेली. झाकण उघडून मशीनवरचा शिक्का पाहा.

• सावधान: 1950च्या दशकातल्या चमकत्या काट्यांत रेडियम असू शकतं. खरवडू नका.

• तेल: मशीन सुटं करून धुतल्यावरच, टाचणीच्या टोकाएवढं. शिलाई मशीनचं तेल नको.

• पावसाळा: जबलपूरच्या दमट हवेत पोलादी भाग गंजतात. घड्याळ सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.