पंपिंग ३० टक्के : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टू-डी इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ', म्हणजे पंपिंग, ३० टक्के दिसलं की घरातल्या सगळ्यांचं धाबं दणाणतं. हृदय ३० टक्केच उरलं, ७० टक्के निकामी झालं, असा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, त्याचा हा आकडा. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो, १०० कुणाचाच नसतो. म्हणजे ३० हा आकडा गंभीर खराच, पण तुलना करायची ती ६०शी.

'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणं, हाही असाच गैरसमज. हृदय चालू असतं, शरीराच्या गरजेला पुरं पडत नाही, इतकंच.

सगळ्यात घातक समज म्हणजे 'एकदा घसरलेलं पंपिंग वाढत नाही'. अनेकांचं वाढतं. हार्ट अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही, हे खरं. पण दारूमुळे, बाळंतपणाच्या सुमारास किंवा सतत जलद ठोके पडल्यामुळे दुबळं झालेलं हृदय वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळदा सावरतं. त्यासाठी आज मुख्यतः चार प्रकारची औषधं दिली जातात. त्यांतला बीटा ब्लॉकर एकेकाळी अशा पेशंटला वर्ज्य मानत; १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांनी तो जीव वाचवतो हे दाखवून दिलं. त्यांतलीच डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी मूळची मधुमेहाची. 'मला शुगर नाही, मग ही कशाला?' म्हणून लोक ती परस्पर बंद करतात. शुगर नसलेल्यांनाही तिचा फायदा होतो, हे २०१९ मध्ये सिद्ध झालं आहे.

आणि पंपिंग ५० वर आलं की गोळ्या थांबवायच्या? ब्रिटनमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. हृदय पूर्ववत झालेल्या ५१ जणांपैकी ज्यांची औषधं हळूहळू बंद केली, त्यांतल्या ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, त्यांतल्या एकाचाही नाही. सुधारणा गोळ्यांच्या जोरावर टिकलेली असते.

पूर्ण विश्रांतीचा आग्रहही सोडायला हवा. दम आणि सूज आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून रोज चालावं. बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने.

मिठाबाबत मात्र घरोघरी पळवाटा शोधल्या जातात. भाजी अळणी करायची आणि ताटात लोणचं, पापड, वर फरसाण! सैंधव चालतं, असंही सांगितलं जातं. सैंधवातही सोडियमच असतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. काही हृदयाच्या गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी शरीरात पाणी साठवते, तीही नको.

हे साठणारं पाणी वजनकाट्यावर आधी दिसतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहिला किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.