पेटीत एक ओलं बीळ हवं

सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघाली, तर त्याची देखभाल बहुतांशी नीट चालली आहे असं समजावं. तीच तुकड्यातुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं राहिलं किंवा डोळ्यावरची पारदर्शक चकती तशीच अडकली, तर पहिला संशय पेटीतल्या कोरड्या हवेवर घ्यावा. शेपटीवरचं कडं आवळत गेलं, तर टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डोळ्यावरची चकती मात्र चिमट्यानं ओढू नये. खालच्या डोळ्याला इजा होते.

हौशी लोकांच्या घरी हमखास दिसणारा बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आखूड, जाडजूड अजगर. बाहेर गवत वाळलेलं असलं, तरी दिवसा तो उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून असतो आणि तिथली हवा दमट असते. म्हणून ‘कोरड्या मुलखातला प्राणी, त्याला ओलावा कशाला?’ हा हिशेब चुकतो. त्याच्या पेटीत साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता असावी. डोळे निळसर-दुधी झाले की कात जवळ आली. तेव्हा आर्द्रता थोडी वाढवावी.

अडचण अशी, की पेटी गरम केली की आर्द्रता आपोआप घसरते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे थंडीत पुण्यातल्या एखाद्या खोलीत २० अंशांना ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३० अंशांपर्यंत तापल्यावर आकडा ३५च्या आसपास येतो. पाणी कुठंही गेलेलं नसतं. हवेची क्षमता वाढलेली असते. मुंबईत पावसाळ्यात हा प्रश्न सौम्य होतो, पण खोलीत एसी दिवसभर चालत असेल तर तिथंही हवा कोरडी पडते.

यावर फवारा मारणं हा तात्पुरता उपाय. आकडा झटक्यात चढतो आणि थोड्याच वेळात उतरतो. त्यापेक्षा तळाशी नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा दोन-तीन इंच थर द्यावा आणि कोपऱ्यांतून पाणी ओतावं. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. झाकण जाळीचं असेल, तर बराचसा भाग झाकून हवेपुरती फट ठेवावी. शिवाय भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात पिळून घेतलेलं ओलसर शेवाळ भरून ठेवावं. हेच सापाचं बीळ. शेवाळ वेळच्या वेळी बदलावं.

मोजमापासाठी डिजिटल मापक घ्यावा, पण तो आधी तपासावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपतच भिजवावं आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावं. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दिसला, तर पुढं प्रत्येक वेळी ५ मिळवून वाचायचं.

अतिरेकही वाईटच. सतत ओल्या जमिनीवर पोटाचे खवले लाल होतात, त्यांवर फोड येतात. दमट आणि कोंदट हवेत श्वसनमार्गाला संसर्ग होतो. श्वासात घरघर, तोंडाशी बुडबुडे किंवा उघड्या तोंडानं श्वास दिसला, तर पशुवैद्याला गाठावं.

कायद्याचंही भान हवं. भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो घरी पाळता येत नाही. बॉल पायथन पाळायचा, तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि मापकाइतकंच सापावरही लक्ष ठेवावं. तो ओल्या डब्यातून बाहेरच येत नसेल, तर बाकीची पेटी कोरडी असण्याची शक्यता मोठी. पाण्याच्या भांड्यातच बसून राहत असेल, तर हवा कोरडी आहे, उष्णता जास्त आहे किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक जीव झालेत. तिन्ही गोष्टी त्याच दिवशी तपासाव्यात.