संगणकाच्या पेटीतील वारा

मे महिन्यातील ऐन दुपारी, विदर्भात पारा ४४ अंशांवर चढलेला असताना, माझ्या लिहिण्याच्या खोलीतील संगणक आपोआप बंद पडू लागला. आधी त्याची गती मंदावे, मग आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागे, आणि अखेरीस कोणतीही पूर्वसूचना न देता पडदा काळा होई. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलण्याचा सल्ला दिला. तो मानला, पैसे मोजले, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली. तेव्हा मी स्वतःच वाकून टेबलाखाली हात घातला. ज्या खणात ती पेटी बसवलेली होती त्याला मागे लाकडी पाठ होती, आणि पेटीच्या मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली ऊन हवा त्या पाठीवर आदळून, दोन्ही बाजूंच्या फटींतून पुढे येऊन, पुढच्या जाळीतून पुन्हा आत शिरत होती.

आपल्याकडे या संबंध पेटीलाच सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. दुकानदार तिला ‘कॅबिनेट’ म्हणतात. तिच्या आत चालणाऱ्या कारभाराचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट सर्वप्रथम ध्यानात येते. संगणक पाणी उपसत नाही, जाते फिरवत नाही, ओझे उचलत नाही. म्हणून तो जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्याच रूपाने परत करतो. आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटचा होता, आणि त्याचा प्रोसेसर उघडाबोडका, उष्णता ओढून घेणाऱ्या कोणत्याही धातूच्या हीट सिंकवाचून, सुखाने काम करीत असे. आज एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॉटची आहे. तितके अवजड कार्ड सामान्य घरात नसते हे खरे; परंतु चित्रफितींचे संकलन करणारा किंवा खेळ खेळणारा मध्यम प्रतीचा संगणकही भर कामात ३०० वॉट सहज घेतो. म्हणजे जुन्या पद्धतीचे साठ वॉटचे पाच दिवे एका बंद पेटीत सतत जळत ठेवण्यासारखेच हे आहे.

ही उष्णता बाहेर काढावयाची ती हवेच्याच हातून. पेटीत शिरणारी हवा बाहेर पडेतो दहा अंशांपेक्षा अधिक तापू नये अशी अपेक्षा धरली, तर ३०० वॉटसाठी दर सेकंदाला सुमारे पंचवीस लिटर हवा पेटीतून वाहून जावी लागते. या हिशेबाने दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतील सगळी हवा जवळपास एकोणीस मिनिटांत त्या लहानशा पेटीतून जाऊन येते. हा आकडा प्रथम काढला तेव्हा मी कागद बाजूला ठेवून पुन्हा तपासला होता. इतक्या हवेची ये-जा जिच्यातून व्हावयाची, त्या पेटीला आपण टेबलाच्या बंद खणात कोंडतो, वर कपडा टाकतो, आणि मशीन हँग होते म्हणून त्रागा करतो.

पुष्कळ लोक यावर एकच इलाज जाणतात, तो म्हणजे आणखी एक पंखा. परंतु जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला वाऱ्याचा स्वभाव वेगळाच माहीत असतो. दिंडी दरवाजा आणि परसदार समोरासमोर उघडे असले की सोप्यापासून मागीलदारापर्यंत झुळूक अखंड वाहते. तेच एकाच भिंतीला चार खिडक्या ठेवल्या तरी खोली कोंदटच राहते. पेटीचेही असेच आहे. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट हवी, आणि त्या दोहोंच्या मधोमध तापणारे भाग यावेत. म्हणून पुढून, खालच्या अंगाने, गार हवा आत घ्यावी आणि मागून व वरून ऊन हवा बाहेर सोडावी हा शिरस्ता पडला आहे. वरच्या भागात अगदी पुढे बसवलेला बाहेर फेकणारा पंखा मात्र नुकतीच आत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच ओढून घेतो. तो काढून टाकला तर तापमान वाढण्याऐवजी बहुधा उतरतेच.

पंख्याची दिशा ओळखण्याची खूण सोपी आहे. पंखा हातात घेऊन दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूने पाती मोकळी, सलग दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या गोल भागाला चौकटीशी जोडणाऱ्या तीन-चार काड्या असतात आणि बहुधा तेथेच कंपनीचे लेबल चिकटवलेले असते. हवा मोकळ्या बाजूने शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. मागचा पंखा उलटा बसल्यामुळे ऊन हवा आतच कोंडत राहिलेली पेटी मी स्वतः पाहिली आहे. चार स्क्रू काढून पंखा फिरवला, आणि बिघाड संपला.

पंख्याच्या आकाराचाही विचार करावा. १२० मिलिमीटरचा पंखा सर्वत्र मिळतो. पेटीत जागा असेल तर १४० मिलिमीटरचा घ्यावा, कारण त्याचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून अधिक मोठे असल्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. फेऱ्या वाढल्या की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून फार वेगाने वाढतो. तेव्हा एका कर्कश पंख्यापेक्षा सावकाश फिरणारे दोन मोठे पंखे केव्हाही चांगले.

धुळीचा मामला याहून बिकट. हवा जेथून शिरते तेथे जाळी असावी, आणि आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित वरचढ असावेत, म्हणजे पेटीतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक राहून हवा फटीफटींतून बाहेरच पडेल. उलट झाले तर प्रत्येक फट धूळ ओढू लागते. तरीही हीट सिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये यथावकाश लोकरीसारखा थर साचतोच. दर दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून, विजेची पिन काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअर मारावा. मात्र त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण वाऱ्याच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. काही वर्षांनी प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली थर्मल पेस्टही वाळते. दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये उरणाऱ्या सूक्ष्म पोकळीतील हवा उष्णता जवळजवळ वाहतच नाही, तांब्याची वाहकता तिच्या सुमारे पंधरा हजार पट असते. ती पोकळी भरून काढण्यापुरतेच या पेस्टचे काम, म्हणून वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

तारा नीट बांधाव्यात याचा फार गाजावाजा होतो. बांधाव्यात, पण त्याने तापमान फारसे उतरत नाही. त्याहून पेटी कशावर ठेवली आहे हे पाहावे. अलीकडच्या पुष्कळ पेट्यांत एसएमपीएस तळाशी असतो आणि तळातूनच हवा घेतो, त्यामुळे सतरंजीवर ठेवलेली पेटी आपला श्वास आपणच कोंडते. शोभेसाठी पुढे काचेची सलग फळी लावलेल्या पेट्याही मला पसंत नाहीत. जेथून वारा यावयाचा तेथे जाळीच हवी.

एका साध्या परीक्षेने दोष कोठे आहे ते उमगते. संगणक भर कामात असताना तापमान पाहावे, मग बाजूची फळी काढून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. पारा आठ-दहा अंशांनी खाली आला तर पेटीला वारा कमी पडतो आहे. फरकच पडला नाही तर धूळ, पेस्ट किंवा हीट सिंक तपासावे. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःची गती कमी करतात, आणि तरीही ताप वाढला तर बंद पडतात. एवढे मात्र विसरू नये, की कितीही पंखे लावले तरी पेटीतील भाग खोलीतील हवेपेक्षा गार होत नाहीत. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल, तर पेटीच्या हाती असलेली मुभा तेवढी कमीच होते.

माझ्या त्या टेबलाची मागची पाठ मी सुताराकडून कापून घेतली आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. नवा एकही पंखा घेतला नाही. त्यानंतरचे दोन उन्हाळे संगणक दुपारभर चालतो आहे. वाचकांनीही आज संगणक बंद करण्यापूर्वी एकदा पेटीमागे हात धरून पाहावा. ऊन हवा हाताला लागून तेथेच घुटमळत असेल, तर पेटी खणातून बाहेर काढावी.