भूल दिलेल्या बालकाचा श्वास

आपल्या वसतिगृहातील एका लहानग्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्या वडिलांसोबत रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. संमतिपत्रावर सही करताना त्यांनी विचारले, "सर, पोरगं बेशुद्ध झाल्यावर त्याच्या श्वासाकडं कोण बघतं?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधले, इतिहासाचा माणूस म्हणून अर्थातच इतिहासात.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. वजनाच्या दर किलोमागे त्याला प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो. फुप्फुसांतील शिल्लक साठा मात्र तुटपुंजा. बरगड्या मऊ व आडव्या, त्यामुळे सारी भिस्त श्वासपटलावर, आणि ते लवकर थकते. भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि फुप्फुसांतील बारीक वायुमार्ग मिटू लागतात. तीन किलोच्या नवजात अर्भकाचा एक श्वास सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे! मोठ्यांच्या यंत्राला ते जोडले, तर नळ्यांतील पोकळीमुळे आपलाच उच्छ्वास पुन्हा आत ओढते. झडपा ढकलण्याचे कष्ट निराळेच.

न्यूकॅसल येथील बालरुग्णालयात भूल देणारे डॉ. फिलिप एअर यांना हे कष्ट दिसले. दुभंगलेल्या ओठांची व टाळूची बालके त्यांच्यासमोर येत. ते स्वतःही तसेच व्यंग घेऊन जन्मले होते. १९३७ साली त्यांनी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची साधी नळी वापरात आणली. बाजूने ताजा वायू, एक टोक बाळाच्या श्वासनलिकेतील नळीकडे, दुसरे उघडे. झडप एकही नाही. १९५० मध्ये लिव्हरपूलचे डॉ. जॅक्सन रीस यांनी उघड्या बाजूला शेपटाशी मोकळी असलेली रबरी पिशवी जोडली. ती हलके दाबून बाळाला श्वास देता येऊ लागला, आणि फुप्फुस किती ताठर आहे हे भूलतज्ज्ञाच्या बोटांना कळू लागले. इतक्या स्वस्त साधनाने इतके साधावे, याचे मला आजही नवल वाटते.

आज यंत्रे नेमकी झाली आहेत. दर किलोमागे साधारण सहा ते आठ मिलिलिटर हवा मोजून दिली जाते. उच्छ्वासाच्या अखेरीस थोडा दाब शिल्लक ठेवतात, म्हणजे फुप्फुस मिटत नाही. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पडद्यावर सतत उमटतो. तरीही एक भूलतज्ज्ञ बालकाच्या उशाशी शेवटपर्यंत असतोच.

आमच्या मुलाची शस्त्रक्रिया मात्र त्या दिवशी झाली नाही. त्याला सर्दी-खोकला होता. अशा वेळी श्वासमार्ग हुळहुळा असतो, नळी लागताच आकसू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनी काही आठवड्यांनी यायला सांगितले. वडिलांचा रोज बुडाला होता, मीही कुरकुरलो. सर्दी लपवली असती तर, हा विचार नंतर आला. पुढच्या खेपेस वडिलांनी आपणहूनच सांगितले, "मॅडम, आता खोकला नाही, पण रात्री नाक वाजतं." बाईंनी तेही लिहून घेतले.