पाय मुरगळला? हील्सची घाई नको!

लोणी काळभोरहून सकाळी हडपसरला मीटिंग गाठायची, म्हणजे सोलापूर रोडच्या ट्रॅफिकशी कुस्तीच. गेल्या पावसाळ्यात बसमधून घाईत उतरले आणि पाय मुरगळला. चार दिवसांत सूज ओसरली, पाचव्या दिवशी मॅडम हील्सवर! संध्याकाळी तोच घोटा पुन्हा मुरगळला, या वेळी दुप्पट जोरात.

शाळेत घोकलेल्या ‘संयोजी ऊती’ आठवतात? हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, म्हणजे आपलं लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू, म्हणजे टेंडन. हाड, चरबी, नाकाच्या शेंड्यातली मऊ कूर्चा, सगळे याच खानदानातले. रक्तसुद्धा! फक्त त्याच्या पेशी द्रवात तरंगतात, हाडाच्या कॅल्शियममध्ये रुतलेल्या असतात.

खानदान एक, नशीब वेगळं. हाडाला रक्तपुरवठा चांगला, म्हणून साधं फ्रॅक्चर बहुधा दीड-दोन महिन्यांत जुळतं. लिगामेंटच्या वाट्याला रक्त कमी. त्यामुळे दुखणं थांबलं तरी आतली डागडुजी कित्येक महिने चालूच असते. मी नेमकी इथेच फसले. सांध्यातल्या कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नाहीत. तिला पोषण मिळतं ते मुख्यतः सांध्यातल्या वंगणातून, आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो. दिवसभर खुर्चीला चिकटणाऱ्यांनो, ऐकताय ना?

फिजिओने मला दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलंय. घरचे हसतात, पण घोट्याला तोल पुन्हा शिकवावा लागतो म्हणे. सध्या वीस सेकंदांपर्यंत मजल गेलीय. हील्स अजून कपाटातच आहेत.